पाचशे घोड्यांचं गणित: जुन्या मसल कारचं इंजिन बांधताना काय काय ठरवावं लागतं

२०२३-२४ च्या हिवाळ्यात दोन अमेरिकन गाड्यांचं उत्पादन थांबलं: शेव्हरोलेची कॅमारो आणि डॉजची व्ही-एट (इंग्रजी व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाची) चॅलेंजर. फोर्डची मस्टँग तेवढी उरली. जुन्या गाड्यांची हौस मात्र थांबायचं नाव घेत नाही. यूट्यूब उघडलं की कुणीतरी पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीच्या गाडीचं बॉनेट काढून आत सहाशे, सातशे, हजार अश्वशक्तीचं इंजिन बसवताना दिसतं. आपल्याकडची १.२ लिटरची हॅचबॅक ८०-९० अश्वशक्तीवर पुणे-कोल्हापूर आरामात करते. त्यामुळे हे आकडे ऐकून आपण एकतर म्हणतो "थापा आहेत", नाहीतर म्हणतो "पैसे ओतले की होतं". थापा नाहीत. पण नुसते पैसे ओतून होतं म्हणावं, तर तसे पैसे ओतून बसलेल्या आणि वर्षानुवर्षं गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाड्याही अमेरिकेत कमी नाहीत.

मसल कार म्हणजे मध्यम आकाराची, त्यामानाने स्वस्त अमेरिकन गाडी, जिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-एट इंजिन घातलंय. सुरुवात साधारणपणे १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून मानतात. कॅमारोला काटेकोर लोक 'पोनी कार' म्हणतात, पण तो वाद त्यांच्यापाशी ठेवू. समजावायला एकच गाडी घेऊ: १९६९ ची कॅमारो, आत ३५० घनइंचांचं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-एट. लक्ष्य ५०० अश्वशक्ती. अट एवढीच, की गाडी पंपावरच्या पेट्रोलवर चालली पाहिजे आणि रविवारी घरच्यांना घेऊन बाहेर काढता आली पाहिजे.

मूळची ३०० म्हणजे नक्की किती?

१९६९ च्या कॅमारोच्या एसएस मॉडेलमधल्या ३५० इंजिनाची जाहीर ताकद होती ३०० अश्वशक्ती. हा आकडा आजच्या आकड्यांशेजारी ठेवू नका. तेव्हा अमेरिकेत इंजिन गाडीबाहेर, चाचणीच्या सांगाड्यावर चढवून मोजत. एअर फिल्टर नाही, सायलेन्सर नाही, इंजिनावर ओझं टाकणारी इतर उपकरणं नाहीत. याला 'ग्रॉस' आकडा म्हणतात. १९७२ पासून इंजिन गाडीत जसं बसतं तसं, सगळ्या लवाजम्यासकट मोजायची 'नेट' पद्धत रूढ झाली. १९७१ साली शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारच्या एलटी-१ इंजिनाचे दोन्ही आकडे दिले गेले होते: ग्रॉस ३३०, नेट २७५. इंजिन तेच, ५५ घोडे मोजमापात गेले.

उलट्या दिशेची लबाडीही होती. विम्याचे हप्ते आणि शर्यतीतले गट सांभाळायला काही इंजिनांची ताकद मुद्दाम कमी सांगत. कॅमारोच्याच झेड-२८ मॉडेलमध्ये ३०२ घनइंचांचं इंजिन होतं. ट्रान्स-अॅम शर्यतीच्या पाच लिटरच्या मर्यादेत बसावं म्हणून ते खास बनवलेलं. त्याचा जाहीर आकडा २९०, आणि त्यावर तेव्हाही कुणाचा विश्वास नव्हता.

म्हणून आराखड्यातला पहिला प्रश्न: ५०० अश्वशक्ती कुठे मोजलेली? इंजिनाच्या टोकाला, की मागच्या चाकावर? गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल मिळून साधारण १५ ते २० टक्के ताकद वाटेत खातात. इंजिनावरची ५०० चाकापर्यंत ४००-४२५ होऊन पोचते. आपण इंजिनावरची ५०० धरू, पण सायलेन्सर लावून.

ताकद हवेतून येते, पेट्रोल फक्त सोबतीला

इंजिन हा मुळात हवा ओढणारा आणि बाहेर टाकणारा पंप आहे. आत आलेल्या हवेच्या प्रमाणातच पेट्रोल जाळता येतं: साधारण पावणेपंधरा किलो हवेला एक किलो पेट्रोल, आणि पूर्ण जोरावर असताना तेरा किलोंच्या आसपास हवेला एक किलो. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, पंप मोठा लावला की झालं. हवा आत कोंबणं अवघड. जास्त ताकदीची जवळजवळ सगळी कारागिरी याच एका अडचणीभोवती फिरते.

हिशोब करून पाहा. ६.३ लिटरचं इंजिन (आपलं ५.७ पुढे एवढं होणार आहे) मिनिटाला ६००० फेरे फिरलं, तर दर दुसऱ्या फेऱ्याला ते एकदा पूर्ण भरतं. म्हणजे सेकंदाला ३०० लिटरहून जास्त हवा. ५०० अश्वशक्ती देताना त्याला मिनिटाला सुमारे अडीच लिटर पेट्रोल लागतं. अर्थात इतका पूर्ण जोर रस्त्यावर सलग काही सेकंदच देता येतो. तेवढ्यात रस्ता संपतो किंवा लायसन्स.

ही हवा वाटेत कुठून कुठून जाते? एअर फिल्टर, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बुरेटर, ती हवा सगळ्या सिलिंडरांना वाटणारं इनटेक मॅनिफोल्ड, सिलिंडर हेडमधली वाट, व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि मग एक्झॉस्ट. सोसायटीच्या गच्चीवर टाकी कितीही मोठी बांधा, मधे एका ठिकाणी अर्ध्या इंचाचा पाईप असला तर तुमच्या नळाला अर्ध्या इंचाचंच पाणी येणार. इंजिनाचंही तसंच. नवशिके टाकी बदलतात, म्हणजे मोठा चकचकीत कार्बुरेटर आणतात, कारण तो दिसतो. अर्धा इंच असतो हेडच्या आत.

हेड: खर्च करायचा तो इथे

सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. त्यातच हवेच्या वाटा, व्हॉल्व्ह आणि जळण्याची खोली असते. हेड चाचणीयंत्रावर ठेवून ठराविक दाबाला मिनिटाला किती घनफूट हवा सोडतं ते मोजतात. अनुभवाचा एक ढोबळ नियम असा: आठ सिलिंडरच्या इंजिनात एका वाटेतून जेवढे घनफूट जातात, त्याच्या साधारण दुपटीपर्यंत अश्वशक्ती निघू शकते. ५०० हवी असेल तर २४५-२५० घनफूट हवं. त्या काळच्या कारखान्यातल्या लोखंडी हेडमधून जेमतेम २०० च्या आसपास जातं. म्हणजे जुनं हेड ठेवून बाकी काहीही केलं, तरी चारशेच्या पलीकडे जाणं कठीण.

आजची बाजारातली अॅल्युमिनियमची हेड हे काम सहज करतात. इथे हाव नडते. हवेची वाट जितकी रुंद, तितका कमी फेऱ्यांवर हवेचा वेग मंद, आणि मंद हवेत पेट्रोल नीट मिसळत नाही. शर्यतीचं हेड लावलेली गाडी सिग्नलवरून निघताना मरगळलेली वाटते, ती याचमुळे. आपल्या कामाला मधल्या मापाचं हेड बरं. दुकानदार मोठं दाखवेल.

३५० चं ३८३ कसं होतं?

अश्वशक्तीचं सूत्र सरळ आहे: पिळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, गुणिले फेरे. म्हणून रस्ते दोनच. इंजिन मोठं करून प्रत्येक फेऱ्याचा जोर वाढवा, नाहीतर आहे तेवढंच इंजिन जास्त फिरवा.

जास्त फिरवण्याची किंमत मोठी असते. ६००० फेऱ्यांवर पिस्टन सेकंदाला १०० वेळा वर जाऊन थांबतो आणि उलट फिरतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून ६०० ग्रॅम धरले, तर वरच्या टोकाला ते, पिस्टनला खालच्या क्रँकशी (फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला सुमारे दीड टनाच्या जोराने ओढतात. अख्ख्या कॅमारोचं वजन साधारण तेवढंच आहे. आणि हा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६००० चे ७००० केले की ताण ३६ टक्क्यांनी वर. रॉडचा बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉकला, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ठोकळ्याला, भोक पाडून बाहेर येतो. मग दुरुस्ती नसते, भंगारवाला असतो.

म्हणून रस्त्यावरच्या गाडीला पहिला रस्ता. शेव्हरोलेचं हे छोटं व्ही-एट १९५५ साली २६५ घनइंचांचं म्हणून आलं आणि वाढत वाढत ४०० पर्यंत गेलं. ३५० च्या सिलिंडरचा व्यास ४ इंच आणि पिस्टनचा प्रवास ३.४८ इंच. ४०० च्या क्रँकचा प्रवास ३.७५ इंच. गॅरेजवाल्यांनी फार पूर्वीच शोधून काढलं, की ३५० चा ब्लॉक ०.०३ इंच बोअर केला, म्हणजे सिलिंडर तेवढे रुंद केले, तसंही झिजलेल्या इंजिनाला ते करावंच लागतं, आणि त्यात ४०० च्या मापाचा क्रँक बसवला, तर ३८३ घनइंच मिळतात. म्हणजे ६.३ लिटर. बाहेरून इंजिन तसंच दिसतं. या जोडणीला 'स्ट्रोकर' म्हणतात, आणि गेली कित्येक दशकं अमेरिकेतली ही बहुधा सर्वांत घासून वापरलेली युक्ती आहे. आता क्रँक, रॉड आणि पिस्टनचा तयार संच मिळतो.

तयार मिळतो म्हणजे नुसता टाकायचा असं नाही. लांब प्रवासाच्या क्रँकमुळे रॉडचे बोल्ट ब्लॉकच्या खालच्या कडेला आणि वर कॅमला (त्याच्याबद्दल पुढे) घासू शकतात, म्हणून ब्लॉक आतून थोडा घासावा लागतो. ब्लॉकला चिरा आहेत का ते आधी तपासायचं. बोअर करून होनिंग करताना, म्हणजे सिलिंडरची भिंत घासून नीट करताना, हेडच्या जागी तेवढ्याच ताकदीने आवळलेली जाड प्लेट लावायची, कारण हेड आवळलं की सिलिंडर किंचित वाकडा होतो. वाकलेल्या अवस्थेत तो गोल असला पाहिजे. शेवटी क्रँक, रॉड, पिस्टन एकत्र तोलून घ्यायचे. यातलं काहीच कॅमेऱ्यात छान दिसत नाही, म्हणून व्हिडिओत ते अर्ध्या मिनिटात उरकतात. इंजिन दहा वर्षं चालणार की दहा दिवस, ते या अर्ध्या मिनिटात ठरतं.

सुटे भाग ओतीव घ्यायचे की घडीव? ओतीव म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून केलेले. घडीव म्हणजे दाबून, ठोकून केलेले आणि जास्त चिवट. पाचशेला मी घडीव क्रँक, रॉड आणि पिस्टनच सांगेन. घडीव पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरच्या भिंतीशी त्याला थोडी जास्त जागा ठेवतात. थंडीत सुरू केल्यावर पहिल्या मिनिटाला खडखड ऐकू आली तर घाबरू नका.

कॉम्प्रेशन आणि पंपावरचा आकडा

पिस्टन वर येताना हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पटीने दाबतो ते कॉम्प्रेशन. जास्त दाबलं की त्याच पेट्रोलातून जास्त काम निघतं. मर्यादा ओलांडली तर मिश्रण ठिणगीच्या आधी किंवा ठिणगीनंतर वेडंवाकडं पेटतं, ठोके पडतात, आणि पिस्टनचे तुकडे होतात. पेट्रोल हा दाब किती सोसेल ते ऑक्टेन सांगतं.

इथे आपल्या वाचकांचा हमखास गोंधळ होतो. भारतातल्या पंपावर जो आकडा असतो तो 'रॉन' पद्धतीचा. अमेरिकेत दोन पद्धतींची सरासरी लिहितात, म्हणून तोच माल तिथे चार-पाचने कमी दिसतो. त्यांचं ९३ म्हणजे आपल्या हिशोबात साधारण ९८. "अमेरिकेत ९१ वर चालतं तर आपल्याकडेही चालेल" हे म्हणूनच फसतं.

९३ च्या अमेरिकन पेट्रोलवर लोखंडी हेड असतील तर साडेनऊच्या आसपास थांबावं. अॅल्युमिनियम उष्णता लवकर ओढून घेतं, तिथे साडेदहापर्यंत जाता येतं. आता एक भाग बदलला की दुसरा कसा हलतो ते पाहा. सपाट पिस्टन आणि जळण्याची खोली ६४ घनसेंटिमीटरची असलेलं हेड ३५० वर लावलं तर कॉम्प्रेशन सव्वादहाच्या आसपास येतं. तेच हेड, तसाच पिस्टन ३८३ वर लावला, की अकराच्या वर. कारण दाबायची खोली तेवढीच, पण दाबायचा माल वाढला. म्हणून ३८३ ला वरून किंचित खोलगट पिस्टन घ्यावे लागतात. संच आधी मागवून हेड नंतर ठरवणारे इथेच अडकतात.

आपल्याकडे ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, एवढा धुरळा उडाला म्हणून इथेनॉलबद्दल दोन शब्द. इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा चांगलं असतं. अमेरिकेत जास्त ताकदीची इंजिनं बांधणारे ई-८५ आवडीने वापरतात ते त्यामुळेच. बदल्यात जळण बरंच जास्त लागतं आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या, पॅकिंगं बदलावी लागतात. शिवाय साठच्या दशकातली हेड शिसेयुक्त पेट्रोलसाठी होती. शिसं गेलं की त्यांच्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात. नव्या हेडमध्ये कडक बैठका असतातच, तो प्रश्न आपोआप सुटतो.

कॅम: इथे मोह आवरा

कॅमशाफ्ट हा उंचवटे असलेला दांडा व्हॉल्व्ह कधी, किती आणि किती वेळ उघडायचे ते ठरवतो. व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवले की जास्त फेऱ्यांवर भरपूर हवा आत जाते. कमी फेऱ्यांवर मात्र तीच हवा उलटी परत येते. उभ्या गाडीचा तो लंगडत्या घोड्यासारखा गडगडाट, ज्याच्यावर सगळे फिदा असतात, तो याचाच आवाज.

तो आवाज फुकट मिळत नाही. इनटेकमधली पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, कमी होते. पॉवर ब्रेकचा बूस्टर त्याच्यावरच चालतो. ब्रेक पेडल दगडासारखं होतं. ऑटोमॅटिक गिअर असेल तर सिग्नलवर गाडी पुढे ढकलत राहते किंवा बंद पडते. माझं मत विचाराल तर कॅटलॉगात जो कॅम मनात भरतो त्याच्याहून एक नंबर लहान घ्या. शेवटच्या ५०० फेऱ्यांवरचे वीस घोडे जातील, पण बाकी पाच हजार फेरे तुमचे राहतील.

दुसरा निर्णय कॅमवर टेकणाऱ्या टॅपेटचा. जुने टॅपेट सपाट असत, कॅमवर घसटत. त्यांना वाचवणारी झिंक-फॉस्फरसची मात्रा नव्या इंजिन ऑइलमध्ये कमी केली गेली, कारण त्यातला फॉस्फरस धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. त्यामुळे सपाट टॅपेटचे नवे कॅम पहिल्याच तासात घासून जाण्याची उदाहरणं होतात. त्यांना योग्य ऑइल लागतं, आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर वीस-तीस मिनिटं २००० च्या वर फिरवत ठेवावं लागतं. चाक असलेले रोलर टॅपेट महाग पडतात, पण ही धाकधूक राहत नाही. बचत करायची तर दुसरीकडे करा.

"एवढा खटाटोप कशाला, टर्बो लावा ना!"

रास्त शंका. हवा आपोआप आत येण्याची वाट न पाहता टर्बो किंवा सुपरचार्जर ती दाबून भरतो. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय, वरून ७ पीएसआय दिला तर कागदावर जवळजवळ दीडपट हवा. प्रत्यक्षात थोडी कमी, कारण दाबलेली हवा तापते. चारशेचं इंजिन साडेपाचशे देऊ शकतं.

पण तापलेली आणि दाबलेली हवा म्हणजे ठोके पडण्याचा धोका दुप्पट. कॉम्प्रेशन खाली आणा, हवा थंड करायला इंटरकूलर लावा, पेट्रोल आणि ठिणगीची वेळ क्षणाक्षणाला सांभाळणारा संगणक बसवा. १९६९ च्या कॅमारोत कार्बुरेटर होता आणि इंजिनखोलीत टर्बोचे पाईप कुठून न्यायचे याचा विचार कुणी केला नव्हता. एवढ्याच इंजिनातून पंपावरच्या पेट्रोलवर सातशेच्या पुढे जायचं असेल तर दाबून भरण्याला फारसा पर्याय नाही. पाचशेला ते ओझं आहे.

"मग नवं इंजिनच का नाही बसवत?"

याला माझ्याकडे भक्कम उत्तर नाही, कारण पुष्कळदा तेच शहाणपणाचं असतं. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर शेव्हरोलेच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, एलएस घराण्यातलं पहिलं इंजिन आणलं, एलएस-१. जुन्या ३५० एवढंच, ५.७ लिटर, ताकद ३४५, तीही नेट. २००८ चं ६.२ लिटरचं एलएस-३ कारखान्यातूनच ४३० देत होतं. हेडच्या वाटा इतक्या चांगल्या, की नुसता कॅम बदलून ते पाचशेच्या आसपास पोचतं. वर फ्युएल इंजेक्शन असल्यामुळे थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होतं आणि महामार्गावर ॲव्हरेजही बरं देतं. पिकअप ट्रकांमधली याच घराण्यातली इंजिनं भंगारातून मिळतात.

आडवं येतं ते गाडीचं मोल. १९६९ च्या इंजिनावर गाडीच्या नंबराचा भाग ठोकलेला असतो. इंजिन आणि गाडी मूळची एकत्र असतील तर तिची किंमत वेगळीच. अॅल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या, झेडएल-१ नावाच्या कॅमारो त्या साली फक्त ६९ बनल्या. तशा गाडीला कुणी हात लावत नाही. साध्या कॅमारोतही मूळ इंजिन असेल तर ते काढून, तेल लावून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या ब्लॉकवर करा. ३५० चे ब्लॉक लाखांनी बनले आहेत, त्यांचा तुटवडा नाही. एकदा बोअर केलेला ब्लॉक पुन्हा बारीक होत नाही.

खरा आराखडा मागच्या चाकापासून सुरू होतो

आतापर्यंत पुढून मागे आलो, कारण समजायला ते सोपं. ठरवताना उलटं जायचं असतं.

आधी टायर. त्या काळच्या अरुंद टायरांवर ५०० अश्वशक्ती म्हणजे नुसता धूर. टायरला पकड आली की ताण मागच्या अॅक्सलवर जातो. साध्या कॅमारोतला दहा बोल्टांचा अॅक्सल एवढ्यासाठी नव्हता. बारा बोल्टांचा किंवा फोर्डचा नऊ इंची बसवतात. फोर्डचा भाग शेव्हरोलेत घालायला कट्टर लोकांना जिवावर येतं, तरी घालतात. मागे पाट्यांचं सस्पेन्शन आहे; जोर बसला की पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकून चाक थडथडतं, त्याला आधार द्यावा लागतो. पहिल्या पिढीच्या कॅमारोला पूर्ण लांबीची चेसिस नाही, पुढे तेवढी वेगळी चौकट आहे. ती मागच्या भागाशी लोखंडी पट्ट्यांनी जोडली नाही तर कालांतराने दाराच्या फटी बदलायला लागतात. मग गिअरबॉक्स. मूळच्या तीन गिअरच्या ऑटोमॅटिकला ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिन सावकाश फिरू देणारा वरचा गिअर, नव्हता, महामार्गावर इंजिन सतत तीन हजारांवर ओरडत राहतं. आणि ब्रेक. १९६९ ला चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या कॅमारोही विकल्या गेल्या. दुप्पट ताकदीच्या गाडीला ड्रम ब्रेकवर रस्त्यात सोडणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याच्यापासून अंतर ठेवतो.

थंड ठेवण्याचं वेगळंच. डेट्रॉइटजवळ ट्रॉय, नोव्हायला राहणाऱ्या मराठी इंजिनिअर मंडळींनी वुडवर्ड अॅव्हेन्यूवरची ड्रीम क्रूझ पाहिली असेल. १९९५ पासून ऑगस्टमध्ये भरते, हजारो जुन्या गाड्या मैलोन्मैल पायी चालण्याच्या वेगाने सरकतात. तिथे सगळ्यांत मोठी परीक्षा अश्वशक्तीची नसते, रेडिएटरची असते. बॉनेट उघडून कडेला उभ्या असलेल्यांमध्ये महागडी इंजिनं भरपूर दिसतात.

पैशाचं विचाराल तर अमेरिकेत चांगल्या मशीन शॉपकडून असं ३८३ बांधून घ्यायला दहा हजार डॉलर धरून चाला, आणि वरच्या टायर ते रेडिएटरच्या यादीला जवळजवळ तेवढेच. ही दुसरी रक्कम हाताशी नसेल तर लक्ष्य चारशेवर आणा. चारशेची नीट बांधलेली कॅमारो रोज बाहेर निघते.

हे महाराष्ट्रात करता येईल का?

अमेरिकेत जुन्या गाडीला बरीच मोकळीक आहे. कडक समजल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियातही १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलला नियमित धूरतपासणी माफ आहे. आपल्याकडे चित्र वेगळं. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेव्हरोले जोडल्या खऱ्या, पण मसल कारच्या काळात आयातीची दारं जवळजवळ बंद होती, त्यामुळे मुळात गाड्याच मोजक्या.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसी बुकात नोंदलेली, कंपनीने ठरवलेली वैशिष्ट्यं बदलतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. "पण पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून सूट आहे ना?" आहे, २०२१ च्या नियमांनी वेगळी 'व्हीए' नंबरप्लेटही दिली. मात्र त्याची अटच अशी, की गाडी मूळ स्वरूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. ३८३ घातलेली कॅमारो वयाने बसेल, अटीत बसणार नाही.

राहता राहिल्या बंदिस्त शर्यती. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, कोइंबतूर आणि चेन्नईला ट्रॅक आहेत. तिथवर गाडी ट्रेलरवरून न्यायची आणि ट्रेलरवरूनच परत आणायची.